लवंगेचा धूर

ठक्… ठक्… ठक्.

दुपारी अडीचच्या सुमाराला चामराजपेटेतल्या त्या माडीवर एवढाच आवाज होता. खाली दुकानातली शिलाईची यंत्रं जेवणाच्या सुट्टीत थांबली होती. मामंजी, म्हणजे सासरे जयसिंगराव, आतल्या खोलीत डोळ्यांवर पंचा टाकून पडले होते. पाच वर्षांची अंबू चटईवर आडवी झाली होती, आणि सकवार पितळी खलबत्त्यात लवंगा कुटत होती. ही रोजची वेळ, रोजचं काम. हात आपोआप चालत होता. मग आपण काय कुटतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि बत्ता हवेतच राहिला.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी, फडताळावरचा फोन खणाणला. दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत तिनं तो उचलला.

"हॅलो?… हॅलो?… येस, मद्रास. मद्रास ट्रंक… हौदु, हो, मीच बुक केला होता, सकाळी नऊला… लाइनवरच आहे…

"हॅलो, अक्का?… अक्का, मी सकवार. बेंगळूरहून… नाही, नाही, सगळे बरे आहेत. मामंजी बरे आहेत, जेवून पडलेत… अहो कुणाला काही झालेलं नाही, तुम्ही आधी खाली बसा… ट्रंक कॉल आला म्हणजे वाईटच बातमी असं कुठं असतं… हो, अंबूपण बरी आहे. काल दात काढला तिचा… दात. दुधाचा, किडला होता… फार नाही रडली. तेच तर सांगायला… अहो ऐका ना, अक्का."

गोजराक्का म्हणजे सकवारच्या नवऱ्याची, प्रतापरावांची, थोरली बहीण. मद्रासला असते. तिचे यजमान खंडोजी, म्हणजे सकवारचे भाऊजी, तिथल्या बंदरात बोटींना धान्य-किराणा पुरवतात, म्हणून घरात फोन. प्रतापराव वडलांचं ऐकत नाहीत, डॉक्टरचं नाहीत, बायकोचं तर नाहीतच. पण अक्कानं हाक मारली की पस्तीस वर्षांचा हा माणूस शाळेतल्या पोरासारखा हात मागं बांधून उभा राहतो. म्हणून सकवारनं घरात कुणाला न सांगता, जन्मात पहिल्यांदा, आपल्या नावानं ट्रंक कॉल लावला होता. प्रतापराव साडेअकरालाच एका मेजरसाहेबाच्या कोटाचं माप घ्यायला गेले होते. तीनच्या आत येणार नव्हते.

"भाऊजी आज रात्रीच्या गाडीनं निघतायत ना, गणपतीला?… हो, कळलं मला, सुनेचे दिवस भरत आलेत, तुम्हाला कसं येता येईल… डिंकाचे लाडू? करते, करते, भाऊजींबरोबरच पाठवते… हो, खारीक घालूनच… अक्का, मी काय म्हणते, भाऊजींबरोबर ते डबे पाठवू नका… डबे. जावाहून येतात ते. लवंगेच्या सिगारेटींचे… पाठवू नका म्हणतेय… चार? चार कशाला पण?… बोटीवरच्या माणसाला मुद्दाम सांगून… नाही अक्का, आवडत नाहीत असं नाही. आवडतात. आवडतात म्हणूनच."

गेल्या दसऱ्याला खंडोजींनी पहिला डबा आणला होता. त्याआधी दहा वर्षं प्रतापराव साध्या सिगारेटी ओढायचे, दिवसाला एक पाकीट, आणि दूधवाला यायच्याही आधी त्यांच्या खोकल्यानं घर जागं व्हायचं. लवंगेची सिगारेट लावली की कशी फट् फट् वाजायची. अंबूनं तिचं नाव ठेवलं, बाबांची फटाकडी. पहिल्या दोन झुरक्यांतच घशाला गार वाटलं म्हणाले. आठवड्यात खोकला गेला. गेला म्हणजे साफ गेला. मामंजी चौकात उभे राहून सांगायचे, लवंग ती लवंग, औषधच ते.

डबा महिन्याभरात संपला. तेव्हा युक्ती काढली ती सकवारनं. साध्या सिगारेटी घ्यायच्या, तंबाखू कागदावर झटकून काढायचा, दोन वाटे तंबाखूला एक वाटा कुटलेली लवंग, आणि बॉबिनच्या बारीक सळईनं ते हळूहळू परत नळीत ठासायचं. टोकाला साखरेच्या पाकाचं बोट. रोज वीस. ह्या घरात कॉलरला कड नीट वळवता येत नाही म्हणून ती सहा वर्षं बोलणी खात आली होती. आता पहिल्यांदाच मामंजींनी पाव्हण्यांसमोर म्हटलं, सूनबाईनं माझ्या लेकाचा खोकला घालवला. त्या रात्री तिला आनंदानं झोप आली नव्हती.

"घसा बरा झालेला नाही, अक्का… खोकत नाहीत, हो. दहा महिने झाले, एकदासुद्धा नाही खोकले… तेच तर वाईट आहे म्हणतेय मी… नाही, मला ताप-बिप काही नाही. शुद्धीवर आहे मी… तुम्ही मला वाक्य पुरं करू द्याल का, स्वल्प?… नाही, चिडत नाही. सरी, बरं, चुकलं माझं. ऐका आता.

"काल अंबूला घेऊन भीमाचार्यांकडे गेले होते… दातांचे डॉक्टर, आपल्या गल्लीच्या तोंडाशी… तेच. पोर किंचाळत होती. त्यांनी लवंगेच्या तेलाचा बोळा दाताला लावला, आणि दोन मिनिटांत गप्प. हसायला लागली. मी म्हटलं, बरं झालं, दात वाचला, आता कशाला काढता. तर म्हणाले, अम्मा, दात बरा झालेला नाही, झोपलाय फक्त. कीड आहे तिथंच आहे, खातेच आहे. आणि आरसा धरून दाखवलं मला. हे एवढं भोक, अक्का. आणि पोर हसतेय…

"नाही, अंबूची गोष्ट नाही सांगत मी… नाही, लवंगेचं तेल वाईट नाही… अक्का. ह्यांच्या घशाची गोष्ट सांगतेय… तुमच्या भावाच्या… हो, मी विचारलं भीमाचार्यांना… परक्या माणसाला विचारलं, हो. त्यात कसली अब्रू जाते?"

चटईवर अंबूनं कूस बदलली. सकवारनं तोंडाशी पदर धरून आवाज उतरवला. आतून मामंजींच्या घोरण्याचा सूर तेवढ्यापुरता मोडला आणि पुन्हा लागला.

"त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाले, साधी सिगारेट ओढणाऱ्याचा घसा निदान ओरडतो तरी. धूर झोंबतो, खोकला येतो, माणूस थांबतो. ह्यात लवंग घशाला झोपवते. मग माणूस लांब झुरका घेतो, छातीत धरून ठेवतो, एरवी जिथं जायचा नाही तिथंपर्यंत धूर खोल जातो. आणि कळत काहीच नाही… हॅलो?…

"येस?… येस, थ्री मिनिट्स, गोत्तु, ठाऊक आहे… एक्स्टेन्शन प्लीज. हौदु, हौदु, द्या…

"अक्का, आहात ना?… कुठपर्यंत ऐकलंत?… नाही, कमी कसा? तंबाखू कमी झाला म्हणून विष कमी झालं असं नाही. मीही तेच म्हटलं त्यांना, की तीन वाट्यांत एक लवंग, म्हणजे तेवढा तरी वाचला. तर म्हणाले, वाचला तेवढा खोल ओढून वसूल होतो. शिवाय जळलेल्या लवंगेचा धूर वेगळा… लवंगेच्या धुरानं आत काय होतं ते अजून कुणी नीट तपासलेलं नाही म्हणाले, मला ठाऊक नसताना सांगणार नाही. पण तंबाखूचं तपासलंय. यंदाच अमेरिकेतल्या सरकारी डॉक्टरांनी लिहून जाहीर केलंय, छातीचा कॅन्सर होतो म्हणून… कॅन्सर, अक्का… बरं, नाही घेत नाव. नाही घेत.

"तुमच्या आजी लवंग तोंडात धरायच्या, हो, ठाऊक आहे मला… नव्वद वर्षं, हो… पण त्या चघळायच्या, अक्का. पेटवून ओढत नव्हत्या… मी त्यांना काही म्हणत नाहीये. अहो मी कशाला त्यांना… विड्यातली लवंग, मसालेभातातली लवंग, अंबूच्या काढ्यातली लवंग, सगळ्या चांगल्या. पोटात जाते ती. ही फुप्फुसात जाते… डॉक्टर म्हणून दातांचेच, हो. पण छाती काही दुसऱ्या गावची नाही ना त्यांना…

"अक्का, मी तुमच्याशी भांडायला फोन केलेला नाही."

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. फडताळावर टिचभर जागेत काल रफू केलेला प्रतापरावांचा सदरा घडी करून ठेवलेला होता. छातीवर तीन बारीक भोकं पडली होती. लवंग फुटली की ठिणगी उडते, तशी ती तिन्ही. महिन्यात हा पाचवा सदरा. रफू इतकं छान जमलं होतं की कुठं जळलं होतं ते आता तिलाही सापडत नव्हतं.

"रुमाल मी धुते ना त्यांचे. मंगळवारी एकावर डाग होता… पान कुठं खातात ते?… तांबडा. एका टाक्याएवढा. विचारलं, तर म्हणाले दोऱ्याचा रंग लागला असेल. अक्का, सहा वर्षं झाली मला शिंप्याच्या घरात येऊन. दोऱ्याचा रंग पाण्यात कसा उतरतो ते कळतं मला… काल पुन्हा… हो, काल पुन्हा. आज सकाळी नव्हता… नाही, मामंजींना नाही सांगितलं. कुणालाच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा.

"भीमाचार्यांनी चिठ्ठी दिलीय. मोठ्या इस्पितळात छातीच्या डॉक्टरांच्या नावानं. उद्या अकराला फोटो काढायचा, एक्स-रे… हो, म्हटलं ना. रात्री म्हटलं, सकाळी म्हटलं, आंघोळीचं पाणी काढताना म्हटलं. हसतात. दुखत नाही, खोकला नाही, ताप नाही, फोटो कशाचा काढायचा, म्हणे. सदऱ्याचा का… ते हसतात हो, आणि मला काय होतं ते… म्हणून म्हटलं तुम्ही सांगा. तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ऐकतात…

"काय?…

"हो."

जिन्याच्या खिडकीतून खाली रस्त्यावरच्या जटक्याच्या घोड्याची टापटाप आली आणि गेली. सकवार फडताळाच्या कडेला टेकली.

"हो, अक्का. मीच. मीच भरून देते. रोज वीस… कुणी सांगितलं नव्हतं मला, माझी मीच युक्ती काढली… आत्ता फोन वाजला तेव्हाही कुटतच होते. कालपासून सगळं ठाऊक असून कुटत होते. हाताला सवय झालीय… बोला, अजून बोला. मी स्वतःला बोलतेय त्याच्या पुढं काय बोलणार तुम्ही… नाही दिल्या तर? नाही दिल्या तर परत साध्या ओढतील. मग खोकला येईल. मग मामंजी म्हणतील सूनबाईनं औषध बंद केलं… हो, येऊ दे. येऊ दे खोकला. तो येऊ दे म्हणूनच रडतेय मी, खोकत होते तेव्हा निदान…

"अंबू, झोप बाळ. काही नाही. आत्याशी बोलतेय… नाही, फटाकडी नाही आणलेली. झोप."

अंबू झोपली नाही. चटईवर उठून बसली, काढलेल्या दाताच्या जागी जीभ घालून घालून बघत राहिली, आणि मग हळूच येऊन आईच्या निऱ्या धरून उभी राहिली.

"हॅलो, अक्का… काय म्हणालात?… भाऊजीपण?… हो, भाऊजीपण त्याच ओढतात, ठाऊक आहे… त्यांना काही झालं नाही. बरं… किती ओढतात आता?… तीस? आधी दहा होत्या ना?… घशाला काही त्रासच होत नाही म्हणून, हो. हो. तेच म्हणतेय मी… नाकानं सोडतात का तोंडानं?… सोडतच नाहीत. आत जिरवतात. बरं, आणि तुम्हाला कौतुक वाटतं त्याचं…

"आवाज?… आवाजाचं काय?…

"कधीपासून बसलाय?…

"आषाढापासून? अक्का, दोन महिने झाले… सर्दी दोन महिने नसते… बंदरावर ओरडून बोलावं लागतं, हो, पण ते वीस वर्षं ओरडतायत. आत्ताच कसा बसला?… गिळताना दुखतं का, विचारलंत?…

"नाही दुखत म्हणतात.

"हो. नाहीच दुखणार, अक्का."

पलीकडे काही आवाज नव्हता. तारेतून समुद्रासारखी बारीक घरघर येत होती. इतका वेळ सकवारला अक्काच्या बोलण्याचा वीट आला होता, वाक्य पुरं होईना म्हणून डोक्याची शीर तटतटत होती. आता ती बोलेना, तर सकवारला भीती वाटली.

"अक्का?… अक्का, आहात ना?… रडू नका. अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं. भाऊजींना काही झालं असं मी कुठं… ऐका. अक्का, ऐका ना माझं. मला काहीच ठाऊक नाही. मी दातांच्या डॉक्टरकडे गेलेली बाई आहे, बस… येस? येस, येस. सिक्स मिनिट्स… इन्नोंदु सल, प्लीज. एकदाच द्या अजून… कायद्यात बसत नाही, हो, पण प्लीज, माझं फार… थँक यू. थँक यू हं.

"अक्का, बोला… हो… हो… डबे नाही पाठवणार. चारही? सरी… भाऊजी येतील, पण डब्यांशिवाय. कसं सांगणार त्यांना?… नाही, तुम्ही सांगाल ते बरोबरच… दोघांचा? दोघांचा एकदम फोटो? उद्या अकरालाच?… गाडी सकाळी पोचते, हो, वेळ आहे. मी गरम पाणी तापवून ठेवते, आंघोळ करून दोघंही… चिठ्ठी एकाचीच आहे, पण मी आज संध्याकाळी भीमाचार्यांकडे जाऊन दुसरी आणते… नाही, तुम्ही काळजी… अक्का, तुम्ही असं म्हटलंत ना, मला…"

अंबूनं निऱ्या ओढल्या. सकवारनं मोकळ्या हातानं तिच्या केसांवरून हात फिरवला.

तेवढ्यात खालचं दार करकरलं. जिन्यावर पाऊल वाजलं.

"आले. अक्का, हे आले. लवकर आले… तुम्ही बोला त्यांच्याशी. आत्ताच्या आत्ता. तुमच्या तोंडून ऐकलं तर… मी नाही सांगू शकत, माझ्यावर हसतात… हो, येतायत, जिन्यावर आहेत, थांबा, ठेवू नका…"

नऊ पायऱ्यांचा जिना. लग्न होऊन सकवार ह्या घरात आली तेव्हा प्रतापराव दोन दोन पायऱ्या ओलांडत वर यायचे. पावलं मोजायची तिला सवय होती. एक, दोन, तीन, चार. चौथीवर पावलं थांबली. कठडा कुरकुरला, कुणी त्यावर भार टाकावा तसा. श्वास ऐकू येत होता, लांब, ओला, घाईचा. खोकला नव्हता.

"चौथ्या पायरीवर थांबलेत, अक्का… दम लागलाय… नाही, खोकत नाहीत. येतील आता वर. काय बोलायचं ते ठरवून ठेवा, आधी एक्स-रेचं बोला, मग रुमालाचं… नाही, रुमालाचं नको, नाहीतर मीच सांगितलं असं… सांगा, रुमालाचंही सांगा…

"हॅलो?… हॅलो, अक्का?…

"हॅलो, एक्स्चेंज?… एक्स्चेंज, कट झाला, मद्रास… हॅलो?"

तारेतली घरघरसुद्धा गेली होती. सकवारनं दोनदा हूक दाबून पाहिला, मग रिसीव्हर तसाच छातीशी धरून उभी राहिली. खलबत्त्यातल्या अर्ध्या कुटलेल्या लवंगांचा वास माडीभर पसरला होता; बाहेरून घरी आल्यावर कालपर्यंत हाच वास तिला किती बरा वाटायचा. खाली पाचवी पायरी वाजली. सहावी. पावलं पुन्हा थांबली.

अंबूनं मान वर केली. काढलेल्या दाताच्या जागी खिंड पडली होती, म्हणून शब्द जरा बोबडे येत होते.

"आई, माझा दात झोपला होता ना, तेव्हा मला नाही कळलं कीड खातेय ते. डॉक्टरमामांनी तुला आरशात दाखवलं."

"हं."

"आता बाबांचा घसा झोपलाय ना?"

"हं, बाळ."

"मग बाबांना कोण सांगणार?"